स्विच दाबल्यानंतरचा पहिला सेकंद

दुरुस्तीला येणाऱ्या एसएमपीएसची (स्विच मोड पॉवर सप्लायची) हकीकत बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. ‘काल रात्रीपर्यंत व्यवस्थित चालत होतं. लाईट गेली, आली, आणि मग सुरूच झालं नाही.’ किंवा, ‘दिवाळीच्या साफसफाईत प्लग काढला होता. परत लावला तर डेड.’ हे ऐकलं की ‘व्होल्टेज जास्त आलं असेल’ असं म्हणून विषय संपवायची आपल्याकडे रीत आहे. काही वेळा ते खरंही असतं. पण कित्येकदा आलेल्या विजेचा काहीच दोष नसतो. सर्किटमधला एक लहानसा भाग महिनोन्‌महिने आधीच निकामी झालेला असतो. यंत्र चालू असताना त्या भागाची गरज पडत नाही, म्हणून तो गेल्याचं कोणाला कळत नाही. वीज एकदा जाऊन परत येते तेव्हाच तो उघडा पडतो.

एसएमपीएस चालणं आणि एसएमपीएस सुरू होणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. सुरू होण्यासाठी सर्किटमध्ये वेगळी सोय केलेली असते. दुरुस्ती शिकणाऱ्याने आधी ही सोय समजून घ्यावी आणि मगच सोल्डरिंग गन हातात घ्यावी, असं मला फार वाटतं. कारण ती न समजता नुसते पार्ट बदलत गेलं की पैसे जातात, पार्ट जातात, आणि शेवटी ‘बोर्डच गेला’ असं सांगून चांगला बोर्ड भंगारात टाकला जातो.

तीनशे पंचवीस व्होल्ट आणि एक पेच

उदाहरणासाठी १२ व्होल्ट ५ अँपिअरचा, म्हणजे ६० वॉटचा सप्लाय घेऊ. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला, एलईडीच्या पट्ट्यांना, छोट्या मॉनिटरला असेच सप्लाय असतात. घरातला २३० व्होल्टचा एसी फ्यूजमधून आणि फिल्टरमधून ब्रिज रेक्टिफायरकडे जातो, आणि तिथून मेन कपॅसिटरवर साठतो. २३० हा एसीचा परिणामकारक (आरएमएस) आकडा आहे. लाटेचं शिखर त्याच्या १.४१४ पट, म्हणजे ३२५ व्होल्टवर असतं, आणि कपॅसिटर शिखरापर्यंत भरतो. म्हणून त्या मोठ्या कपॅसिटरवर ४०० किंवा ४५० व्होल्ट छापलेलं दिसतं.

हे ३२५ व्होल्ट डीसी एक मॉस्फेट चॉपर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला जोडतो आणि तोडतो, सेकंदाला पन्नास हजार ते लाखभर वेळा. वेग इतका असल्यामुळे ट्रान्सफॉर्मर लहान होतो. ५० हर्ट्झवर ६० वॉट द्यायला किलोभर वजनाचा लोखंडी ट्रान्सफॉर्मर लागतो, इथे फेराइटचा काही तोळ्यांचा गाभा पुरतो. १९७७ साली आलेल्या ॲपल-टू संगणकात रॉड होल्ट यांनी याच पद्धतीचा सप्लाय बसवला. तो कमी तापत असल्यामुळे त्या संगणकाला पंखा लागला नाही. ही पद्धत त्याआधीही उपग्रहांत आणि महागड्या उपकरणांत वापरात होती, पण घरातल्या टेबलावर ती येण्याची सुरुवात त्या सुमाराची.

मॉस्फेटला कधी जोडायचं आणि कधी तोडायचं हे एक कंट्रोल आयसी सांगतो. या वर्गातला सर्वांत ओळखीचा आयसी म्हणजे यूसी३८४२. १९८०च्या दशकात युनिट्रोड या अमेरिकन कंपनीने तो आणला आणि आजही त्याच्या नकला आणि वंशज लाखो बोर्डांवर आहेत. आठ पायांचा हा आयसी बारा-पंधरा व्होल्टवर चालतो. ते व्होल्ट त्याला मिळतात चॉपरवरच्याच एका छोट्या वेटोळ्यातून, ज्याला ऑक्झिलरी वाइंडिंग म्हणतात. आता पेच असा की हे वाइंडिंग वीज देणार मॉस्फेट चालू-बंद होत असेल तरच, आणि मॉस्फेट चालू-बंद होणार आयसीला वीज मिळाली तरच. मग पहिल्यांदा कोण कोणाला देणार?

त्यावरचा तोडगा म्हणजे स्टार्टअप रेझिस्टर. मेन कपॅसिटरच्या ३२५ व्होल्टपासून आयसीच्या ७ नंबरच्या पिनपर्यंत जाणारा, लाख-दोन लाख ओहमचा. बहुधा एकाऐवजी दोन रेझिस्टर ओळीने लावलेले असतात, म्हणजे उष्णता आणि व्होल्टेज दोन्ही वाटले जातात. त्याच पिनवर एक छोटा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतो, समजा ४७ मायक्रोफॅरडचा. रेझिस्टरमधून झिरपणारा मिलीअँपिअरभर करंट हा कपॅसिटर हळूहळू भरत नेतो. १६ व्होल्ट झाले की आयसी जागा होतो. जागा होईपर्यंत त्याची भूक अर्ध्या मिलीअँपिअरच्या आसपास असते, जागा झाल्यावर ती दहा मिलीअँपिअरच्या पुढे जाते, आणि मॉस्फेटचं गेट हलवायला लागणारा करंट वेगळाच. इतका करंट स्टार्टअप रेझिस्टर देऊ शकत नाही. छोट्या कपॅसिटरमध्ये जमलेल्या पुंजीवर आयसी काही मिलिसेकंद चालतो, आणि तेवढ्या अवधीत ऑक्झिलरी वाइंडिंगने भार उचलला पाहिजे. नाही उचलला तर व्होल्टेज घसरत १० वर येतं, आयसी बंद पडतो, आणि रेझिस्टर पुन्हा पहिल्यापासून भरायला लागतो.

जुन्या स्कूटरची किक आठवा. इंजिन एकदा सुरू झालं की किकचं काम संपलं. वाटेत किकचा दांडा मोडला तरी स्कूटर पुढे पळत राहते, ती थांबवून पुन्हा सुरू करायची वेळ आली की मगच कळतं. स्टार्टअप रेझिस्टर आणि तो छोटा कपॅसिटर ही एसएमपीएसची किक आहे.

आकडे मांडून पाहू. स्टार्टअप रेझिस्टर २२० किलोओहमचा असेल तर त्यातून साधारण १.४ मिलीअँपिअर जातो. आयसी स्वतः अर्धा खातो, उरलेल्या ०.९ मिलीअँपिअरने ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १६ व्होल्टपर्यंत भरायला पाऊण ते एक सेकंद लागतो. अडॅप्टर प्लगला लावल्यावर त्याचा दिवा क्षणभर थांबून लागतो तो यामुळे. पुढे १६ वरून १० वर येईपर्यंत कपॅसिटरकडे सहा व्होल्टांची पुंजी असते. पंधरा-वीस मिलीअँपिअरच्या खर्चाला ती पंधरा-वीस मिलिसेकंद पुरते. तोच कपॅसिटर सुकून ५ मायक्रोफॅरडचा उरला असेल तर दोन मिलिसेकंदांत सगळं संपतं. तेवढ्यात १२ व्होल्टच्या बाजूचे मोठे कपॅसिटर भरून होत नाहीत आणि सप्लाय उभा राहत नाही.

हे दोन्ही पार्ट चालू यंत्रात गुपचूप का मरतात तेही यातून कळतं. रेझिस्टरवर रात्रंदिवस तीनशे व्होल्ट असतात आणि त्यात जवळजवळ अर्धा वॉट उष्णता तयार होत असते. वर्षानुवर्षं तापून त्याची किंमत वाढत जाते किंवा तो सरळ ओपन होतो. कपॅसिटर बहुधा हीटसिंकच्या किंवा चॉपरच्या शेजारी असतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबद्दल ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. १०५ अंशांवर २००० तास असं ज्याचं आयुष्य छापलेलं असतं, तो ६५ अंशांवर ३२ हजार तास, म्हणजे सलग चालवला तर साडेतीन वर्षांच्या आसपास टिकतो. डीव्हीआर कधीच बंद होत नाही, त्यामुळे त्याचा सप्लाय या हिशेबात नेमका सापडतो.

आधी मेन कपॅसिटर उतरवा

बोर्डाला हात लावण्याआधी एक गोष्ट. चालू स्थितीतल्या सप्लायचा प्लग काढला की मेन कपॅसिटरमधली वीज लोड खाऊन टाकतो आणि कपॅसिटर लगेच उतरतो. डेड सप्लायमध्ये ती वीज खाणारं कोणीच नसतं. १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टला पाच ज्यूल ऊर्जा असते, आणि ती बराच वेळ तशीच बसून राहू शकते. स्टार्टअप रेझिस्टर हा ती हळूहळू उतरण्याचा एक मार्ग असतो, पण आपला संशय तर तोच ओपन झाल्याचा आहे! म्हणजे बंद पडलेला सप्लाय चालू सप्लायपेक्षा हाताला जास्त धोक्याचा. स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी काढायची सवय वाईट आहे, त्याने कपॅसिटरला आणि ट्रॅकला इजा होते आणि डोळ्यांनाही भीती. १० किलोओहम ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरींना जोडून ठेवावा, तो कपॅसिटरच्या दोन पायांवर पाच-सहा सेकंद धरावा, आणि मग मीटरने डीसी व्होल्ट मोजून खात्री करावी. मोजल्याशिवाय बोट लावू नये.

दुसरी गोष्ट ऑसिलोस्कोप असणाऱ्यांसाठी. प्रायमरी बाजूचा ग्राउंड हा अर्थिंग नव्हे. तो ब्रिजमधून थेट मेनला जोडलेला असतो. स्कोपची ग्राउंड क्लिप अर्थला बांधलेली असते, ती प्रायमरीवर लावली की स्फोटासारखा आवाज होऊन ब्रिज जातो, कधी स्कोपही. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असल्याशिवाय या हॉट साईडला, म्हणजे प्रायमरीला, स्कोप लावायचा नाही.

सिरीज बल्ब

आता तपासणी. फ्यूज काचेचा असेल तर तो नुसता गेला आहे की नाही एवढंच न बघता कसा गेला ते बघावं. आतली तार मधोमध शांतपणे तुटली असेल आणि काच स्वच्छ असेल, तर फ्यूज वयाने किंवा थोड्याशा जादा करंटने गेला असू शकतो. काचेच्या आत काळा किंवा आरशासारखा चकचकीत थर बसला असेल, तर तार वितळलीच नाही, तिची वाफ झाली. असा फ्यूज सांगतो की पुढे पक्का शॉर्ट आहे. ब्रिजमधले डायोड, मॉस्फेट, किंवा इनपुटवरची निळी एमओव्ही चकती यांपैकी कोणीतरी शॉर्ट असणार. अशा वेळी नवा फ्यूज टाकून ‘बघू काय होतं’ म्हणत स्विच दाबणं म्हणजे उरलेसुरले पार्टही घालवणं.

म्हणून सिरीज बोर्ड. जुन्या रेडिओ मेकॅनिकच्या टेबलावर तो असायचाच. फेज वायरच्या वाटेत ६० वॉटचा साधा, तारेचा बल्ब आणि त्याच्या पुढे सॉकेट. सप्लाय त्या सॉकेटला लावायचा. पुढे पूर्ण शॉर्ट असला तरी बल्ब पाव अँपिअरच्या वर करंट जाऊ देत नाही, त्यामुळे सहसा काही फुटत नाही, काही जळत नाही. बल्बची गंमत अशी की थंड असताना त्याचा रेझिस्टन्स तापल्यावरच्या रेझिस्टन्सच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो. चांगल्या सप्लायला तो मोकळी वाट देतो, आणि करंट वाढला की स्वतःच ती वाट आवळतो. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही, तो स्वतःच एक छोटा एसएमपीएस आहे. साधे बल्ब दुकानांतून कमी होत चालले आहेत, मिळतात तोवर दोन-चार घेऊन ठेवावेत.

बल्ब वाचायला शिकावं लागतं. लोड न लावलेला चांगला सप्लाय जोडला की बल्ब एकदा चमकतो, कारण मेन कपॅसिटर भरत असतो, आणि मग विझतो. बल्ब पूर्ण तेजाने पेटून राहिला तर प्रायमरीत शॉर्ट. चमकलाच नाही तर वीज मेन कपॅसिटरपर्यंत पोचतच नाही. ठरावीक अंतराने हलकेच मिणमिणत राहिला तर सप्लाय सुरू व्हायचा प्रयत्न करतो आहे आणि दर वेळी माघार घेतो आहे. एक सावधगिरी: मोठ्या सप्लायमध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारी वेगळी पायरी असते आणि तिथे मेन कपॅसिटरवर ३८० ते ४०० व्होल्ट असतात. असे सप्लाय बल्बमुळे कमी झालेलं व्होल्टेज ओळखून आपणहून बंद पडतात. तिथे बल्बच्या मिणमिणण्यावरून निष्कर्ष काढू नये, शॉर्ट आहे की नाही एवढंच बघावं.

पूर्ण शांतता

फ्यूज शाबूत, बल्ब एकदा चमकून विझला, मेन कपॅसिटरवर ३२५च्या आसपास व्होल्ट, आणि आउटपुटला शून्य. आवाज नाही, वास नाही. पार्ट बदलण्याची घाई इथेच सर्वांत जास्त होते, आणि खरं तर हाच दोष शोधायला सर्वांत सोपा आहे.

मीटरचं काळं टोक मेन कपॅसिटरच्या निगेटिव्हवर आणि लाल टोक आयसीच्या ७ नंबर पिनवर. एवढ्या एका मापात पुष्कळ कळतं. शून्य किंवा एखाद-दुसरा व्होल्ट आला तर स्टार्टअप रेझिस्टर ओपन आहे, किंवा आयसी अथवा त्याच्या पायावरचा झेनर शॉर्ट आहे. आठ-दहा व्होल्टवर आकडा अडकून बसला तर रेझिस्टरची किंमत वाढली असावी, येणारा करंट आयसीची झोपेतली भूकच जेमतेम भागवतो आहे. आकडा १० आणि १६ च्या दरम्यान सतत वरखाली होत असेल तर रेझिस्टर ठीक आहे, आयसी जागा होऊन परत झोपतो आहे, दोष पुढे आहे. ही सगळी मापं चालू सप्लायवर, हॉट साईडला घ्यायची असल्यामुळे टोकं आधी क्लिपने लावून मग वीज द्यावी. एक हात खिशात ठेवण्याची जुन्या मेकॅनिक लोकांची शिस्त इथे पाळावी.

मला स्वतःला याहून आवडणारी पद्धत म्हणजे मेनची वीज न देताच आयसी तपासणं. मेन कपॅसिटर पूर्ण उतरवायचा, बेंच सप्लायमधून १७-१८ व्होल्ट थेट ७ आणि ५ नंबरच्या पिनांवर द्यायचे, ७ ला पॉझिटिव्ह. बेंच सप्लायची करंट लिमिट ५० मिलीअँपिअरच्या आसपास ठेवायची. आयसी चांगला असेल तर ८ नंबरच्या पिनवर बरोबर ५ व्होल्ट येतात, ४ नंबरवर करवतीच्या दातांसारखी लाट दिसते, आणि ६ नंबरवर गेटकडे जाणारे पल्स. ३२५ व्होल्ट कुठेच नसल्यामुळे निवांतपणे, स्कोप लावून, सगळं बघता येतं. मग बेंच सप्लाय तसाच ठेवून मेन कपॅसिटरवर दुसऱ्या सप्लायमधून ३० व्होल्ट द्यावेत. मॉस्फेट आणि चॉपर हलू लागतात, आणि सेकंडरीलाही थोडंफार व्होल्टेज दिसतं. जीव धोक्यात न घालता अख्खी साखळी पायरीपायरीने सिद्ध होते. शिकाऊ मुलांना ही पद्धत पहिल्या दिवशी दाखवावी.

नव्या बोर्डांवर कधी स्टार्टअप रेझिस्टर सापडतच नाही. १९९४ साली पॉवर इंटिग्रेशन्स कंपनीने टॉपस्विच नावाचा आयसी आणला. त्यात मॉस्फेटही आत आणि सुरू होण्याची सोयही आत, ड्रेनच्या पायातूनच तो स्वतःला लागणारा करंट घेतो. आजचे बरेच छोटे चार्जर याच वळणाचे आहेत. तिथे रेझिस्टर शोधत बसू नये, छोटा कपॅसिटर मात्र तिथेही असतो आणि तिथेही तोच सुकतो.

तो सुकला आहे का, हे ओळखण्याची एक जुनी युक्ती आहे. थंड कपॅसिटरचा अंतर्गत रेझिस्टन्स (ईएसआर) वाढलेला असतो, गरम केला की तो कमी होतो. सप्लाय बंद ठेवून, केस वाळवायच्या ड्रायरने त्या भागावर मिनिटभर गरम हवा मारायची आणि मग स्विच दाबायचा. सुरू झाला तर गुन्हेगार कपॅसिटरच. थंडीतल्या सकाळी दोन-तीनदा स्विच दाबल्यावर सुरू होणारे आणि दुपारी मुकाट चालणारे टीव्ही याच रोगाचे. मीटरवर अशा कपॅसिटरची क्षमता कधी ठीकही दिसते, म्हणून ईएसआर मीटर असेल तर तो वापरावा. नसेल तर संशयित कपॅसिटर १०५ अंशांचा, चांगल्या कंपनीचा घेऊन सरळ बदलावा. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत तो चहाच्या किमतीत मिळतो.

टिक, टिक, टिक

सेकंदाला एक-दोनदा येणारा बारीक टिक आवाज म्हणजे सप्लाय सुरू होतो आणि लगेच सोडून देतो. ७ नंबरवरचा वरखाली होणारा आकडा हा त्याचाच मीटरवरचा भाऊबंद. सुकलेला छोटा कपॅसिटर इथेही पहिला संशयित. तो बदलूनही टिकटिक राहिली तर ऑक्झिलरी वाइंडिंगचा डायोड पाहावा, तो ओपन असेल तर आयसीला पुढचं जेवण मिळतच नाही. तेही ठीक असेल तर सेकंडरीकडे वळावं. आउटपुटचा शॉट्की डायोड शॉर्ट असणं हे टिकटिकीचं फार मोठं कारण आहे. वीज काढून, डायोड मोडमध्ये, दोन्ही दिशांनी मोजला की कळतं. आउटपुटचा कपॅसिटर शॉर्ट असू शकतो, आणि पुष्कळदा सप्लाय निर्दोष असून जोडलेलं यंत्रच शॉर्ट असतं. म्हणून सप्लाय यंत्रापासून सोडवून, त्याला १२ व्होल्टचा गाडीचा छोटा बल्ब लोड म्हणून लावून बघावं.

संगणकाच्या एटीएक्स सप्लायची गोष्ट थोडी वेगळी. त्यात स्टँडबायचे ५ व्होल्ट देणारा एक छोटा स्वतंत्र सप्लाय असतो आणि प्लग लावलेला असेपर्यंत तो अखंड चालतो. जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट आहेत का हे आधी पाहावं. नसतील तर मुख्य भागाकडे बघायचंच नाही. असतील, तर हिरवी वायर काळीला जोडली की मुख्य सप्लाय सुरू झाला पाहिजे.

दुसरा मॉस्फेट का जातो

फ्यूज काळा, मॉस्फेट शॉर्ट. नवा मॉस्फेट टाकला, नवा फ्यूज टाकला, स्विच दाबला, धडाम. या धंद्यात नव्याने आलेल्या प्रत्येकाला हा आवाज कधी ना कधी ऐकायला मिळतो, आणि त्याचं कारण जवळजवळ ठरलेलं असतं.

मॉस्फेट जातो तेव्हा एकटा जात नाही. ड्रेन आणि गेट आतून एक झाले की ३२५ व्होल्ट गेटच्या वाटेने उलटे आयसीत शिरतात. गेटचा रेझिस्टर जातो, आयसीची आउटपुट जाते. सोर्सच्या पायाखाली करंट मोजणारा एक ओहमच्या आतला रेझिस्टर असतो, आपल्या उदाहरणात ०.३३ ओहम धरू. त्यावर १ व्होल्ट झाला, म्हणजे करंट ३ अँपिअरवर गेला, की यूसी३८४२ मॉस्फेटला तत्काळ बंद करतो. शॉर्टचा सगळा करंट याच रेझिस्टरमधून गेलेला असतो, त्यामुळे तो ओपन होतो किंवा त्याची किंमत बदलते. आता बिघडलेल्या आयसीचा ६ नंबर जर कायम वर अडकला असेल, तर नवा मॉस्फेट एकदा चालू होतो तो बंद होतच नाही. प्रायमरी वाइंडिंगचा डीसी रेझिस्टन्स क्षुल्लक असतो. फेराइटचा गाभा संपृक्त होईपर्यंत करंट चढत जातो, आणि गाभा भरला की तो उसळी मारतो. काही मायक्रोसेकंदांत मॉस्फेट संपतो. फ्यूज जातो त्याच्या कितीतरी नंतर. फ्यूज मॉस्फेटला वाचवायला ठेवलेलाच नसतो, घराला आग लागू नये म्हणून तो असतो.

तेव्हा मॉस्फेटबरोबर आयसी, गेटचा रेझिस्टर, करंट मोजणारा रेझिस्टर आणि गेटवरचा झेनर असेल तर तोही, हे सगळे एकत्र बदलावेत. आणि नंतरही सिरीज बल्बशिवाय वीज द्यायची नाही.

पण पहिला मॉस्फेट मुळात का गेला, हे विचारायचं राहू नये. प्रायमरीवर एक डायोड, एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर यांचा क्लॅम्प असतो. मॉस्फेट बंद होतो त्या क्षणी ड्रेनवर ३२५ व्होल्ट, त्यावर सेकंडरीतून परावर्तित झालेले शंभरएक व्होल्ट, आणि त्यावर चॉपरच्या गळती इंडक्टन्सने उठवलेला सुळका, असं एकावर एक चढतं. हा सुळका छाटायचं काम क्लॅम्पचं. त्यातला रेझिस्टर किंवा डायोड ओपन असेल तर ६०० व्होल्टचा मॉस्फेट पहिल्याच काही पल्समध्ये मर्यादा ओलांडतो. त्यानंतर फीडबॅक. १२ व्होल्टच्या बाजूला टीएल४३१ हा आपल्या अडीच व्होल्टच्या संदर्भाशी आउटपुट ताडून पाहतो आणि पीसी८१७सारख्या ऑप्टोकप्लरच्या प्रकाशातून प्रायमरीला निरोप देतो. हा निरोप पोचला नाही तर आउटपुट वर वर जातं आणि फुगलेले किंवा फुटलेले आउटपुट कपॅसिटर त्याची साक्ष देतात. याचीही परीक्षा मेनशिवाय होते. आउटपुटला बेंच सप्लायने ११ पासून १३ व्होल्टपर्यंत हळूहळू चढवत न्यावं आणि ऑप्टोच्या प्रायमरीकडच्या दोन पायांमध्ये मीटर लावावा. १२ च्या आसपास तिथला रेझिस्टन्स एकदम खाली आला तर फीडबॅक चांगला.

नव्याने बांधलेला बोर्ड पहिल्याच स्विचला जातो तेव्हा कारणं वेगळी असतात. डिप्लोमाच्या प्रोजेक्टमध्ये मुलं चॉपर स्वतः गुंडाळतात आणि वाइंडिंगचं सुरुवातीचं टोक दाखवणारा ठिपका उलटा लागतो. मग मॉस्फेट चालू असतानाच सेकंडरीचा डायोडही वाहू लागतो आणि रिकामा आउटपुट कपॅसिटर थेट प्रायमरीवर शॉर्टसारखा बसतो. दुसरी चूक गाभ्यात हवेची फट न ठेवण्याची. अशा, म्हणजे फ्लायबॅक जातीच्या सप्लायमध्ये ऊर्जा साठते ती मुख्यतः त्या फटीत, फट नसली की गाभा फार लवकर भरतो. धाक दाखवून नव्हे तर प्रेमाने मुलांना सांगावं की आधी ३० व्होल्टवर चालवून ठिपके तपासा, मग बल्ब लावा, आणि अगदी शेवटी मेन.

वीज खरोखरच दोषी असते तेव्हा

सुरुवातीला म्हटलं तसं, कधी कधी दोष येणाऱ्या विजेचाच असतो. रिकामा मेन कपॅसिटर स्विच दाबताक्षणी शॉर्टसारखा वागतो. त्याला आवर घालायला इनपुटला एनटीसी थर्मिस्टर असतो, थंड असताना समजा १० ओहमचा. लाटेच्या शिखरावर स्विच पडला तरी करंट ३२ अँपिअरच्या पुढे जात नाही. चालता चालता तो तापतो आणि त्याचा रेझिस्टन्स ओहमच्याही खाली येतो. आता वीज एक-दोन सेकंद जाऊन परत आली तर? मेन कपॅसिटर रिकामा झालेला असतो, पण एनटीसी थंड व्हायला मिनिटभर लागतं. आवर नाही आणि धक्का पूर्ण. तासभर गेलेल्या लाईटपेक्षा पाठोपाठ जाणारी-येणारी लाईट ब्रिजला आणि फ्यूजला जास्त जाचते ती यामुळे. तडकलेला एनटीसी ओपन होतो, आणि तेव्हा फ्यूज शाबूत असूनही मेन कपॅसिटरवर शून्य दिसतं.

न्यूट्रल तुटला तर प्रकार गंभीर. तीन फेजच्या लाईनवर न्यूट्रल सुटला की एखाद्या घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास येऊ शकतात. मेन कपॅसिटरला साडेपाचशे व्होल्ट सोसत नाहीत. एमओव्ही शॉर्ट होऊन फ्यूज उडवते, आणि बहुतेक वेळा बाकीचं सर्किट वाचतं. फुटलेली चकती काढून, नवी चकती आणि नवा फ्यूज टाकून सप्लाय चालू होतो. नवी चकती न टाकता तसाच परत देणाऱ्यावर मी भरवसा ठेवणार नाही.

अमेरिकेहून आणलेल्या वस्तूंवरही नजर ठेवावी. अडॅप्टरवर १०० ते २४० छापलेलं असेल तर चिंता नाही. नुसतं १२० असेल तर आतला कपॅसिटर २०० व्होल्टचा असतो आणि आपल्याकडे त्याच्यावर ३२५ येतात. जुन्या संगणकांच्या सप्लायमागे ११५ आणि २३० चा लाल स्विच असायचा. तो ११५ वर राहिला तर सर्किट व्होल्टेज दुप्पट करतं आणि २०० व्होल्टच्या दोन कपॅसिटरांवर मिळून ६५० व्होल्ट चढतात.

दुरुस्ती झाल्यावर

हॉट आणि कोल्ड साईडच्या मधला निळा वाय-क्लासचा कपॅसिटर बदलावा लागला तर वाय-क्लासचाच टाकावा. साधा टाकला आणि तो शॉर्ट झाला तर मेनची वीज यंत्राच्या पत्र्यावर येते. त्या दोन बाजूंमधली मोकळी जागा फ्लक्सने, धुळीने किंवा सोल्डरच्या थेंबाने भरलेली नाही ना, तेही भिंगाखाली पाहून घ्यावं.

मग चाचणी, आणि ती चालण्याची तेवढीच सुरू होण्याचीही असली पाहिजे. पूर्ण लोडवर, झाकण लावून तासभर चालवल्यावर आउटपुट १२ व्होल्टवर स्थिर आहे का पाहावं. त्यानंतर सप्लाय बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावा आणि लोड लावूनच पुन्हा सुरू करावा. व्हेरिअ‍ॅक असेल तर इनपुट १७० व्होल्टवर आणून तीच परीक्षा घ्यावी. शेतीपंप चालू असलेल्या फीडरवर संध्याकाळी इतकंच व्होल्टेज मिळत असतं. १७० व्होल्टला मेन कपॅसिटरवर २४० व्होल्टच असतात आणि २२० किलोओहमच्या स्टार्टअप रेझिस्टरमधून मिलीअँपिअरभर करंट येतो. चांगला रेझिस्टर तेवढ्यावर सप्लाय सुरू करतो, थोडा जास्त वेळ घेऊन. किंमत वाढलेला रेझिस्टर २३० वर सुरू होतो आणि १७० वर होत नाही. तो तिथेच, टेबलावर असताना बदलून टाकावा.